हातचा

आखनमध्ये, दवाखान्याच्या तळघरात,
मी गोटहार्ड ल्युडेकेंना इअरप्लग दिले.
नियम आहे. सगळ्यांना द्यावे लागतात.
त्यांनी कानाकडे बोट नेलं, भुवया उचलल्या:
हे कुणासाठी?
दुभाषी हेडाने भाषांतर केलं नाही.
नातीला होतील, म्हणून ते शर्टाच्या खिशात गेले.

वय एकाहत्तर. पुस्तकबांधणी, आता निवृत्त.
नखांच्या कडेला सरसाचा जुना पिवळेपणा.
अंगठी काढली, घड्याळ काढलं, कवळी काढली.
मी ब्लँकेटवरून पट्टा आवळला.
आता हात हलवायचे नाहीत, हेर ल्युडेके.
हेडाने हे सांगितलं
हातांनीच.

ते बराच वेळ आमच्याकडे बघत राहिले.

(शाळेतलं नंतर कळलं.
गणिताच्या तासाला हात मांडीखाली घेऊन बसायचं,
आकडे बाईंच्या ओठांवरून वेचायचे.
त्स्वाय आणि द्राय ओठांवर जुळी भावंडं.
दोनाचे तीन झाले की
मांडीखालचा हात बाहेर, पट्टीपुरता.)

काचेच्या अलीकडे वीब्के म्हणाली,
बोलणाऱ्यांचा पाढा जिभेवर असतो, ते माहीत आहे.
खरंच आहे. सात नवे त्रेसष्ट
मला अजून आधी चाल आठवते, मग आकडा.
यांचं गणित कुठे राहतं
ते शोधायला आम्ही तीन वर्षांचे पैसे घेतले होते.

यंत्र ठोकायला लागलं.
ते पाठीच्या कण्याने ऐकत होते.
पडद्यावर: एकवीस अधिक आठ.
मेंदू राखाडी, शांत, एखाद्या कोपऱ्यात दिवा.
सत्तावीस अधिक आठ.
आणि चित्र फाटलं.

ब्लँकेटखाली डावा अंगठा.

हालचाल, वीब्के म्हणाली. हे वगळ.
पण सेहेचाळीस अधिक सातलाही फाटलं,
अडतीस अधिक सहालाही.
बत्तीस अधिक चारला नाही.
मी कागदावर खुणा केल्या.
वीब्केने खुणा पाहिल्या, चष्मा पुसला,
म्हणाली, आपण मेंदू बघायला आलोय.

कॉफीच्या यंत्रापाशी मी विचारलं, तिथे काय होतं?
त्यांनी कप खाली ठेवला.
सात म्हणजे एक हात आणि दोन बोटं.
आठ म्हणजे एक हात आणि तीन.
हाताला हात भेटतो, ते सोपं.
मग दोन आणि तीन एकमेकांकडे बघतात
आणि त्यांचाही एक हात होतो.
तीन हात.
माझे दोनच. तिसरा ठेवू कुठे?

त्यांनी टेबलावरून माझा उजवा हात उचलला,
सुटं पान उचलावं तसा, कडा सांभाळून,
आणि बोटं उघडून स्वतःच्या हातांशेजारी ठेवला.

इथले लोक म्हणतात, एक मनात.
आमच्याकडे म्हणतात, हातचा एक,
आणि म्हणताना हात कुठेही असतात,
खिशात, केसांत, चहाच्या कपाभोवती.
एवढं मी मराठीतून जर्मनमध्ये आणलं,
हेडाने जर्मनमधून हवेत नेलं.
ल्युडेके हसले आणि तिची खूण दुरुस्त केली,
मनगटापाशी, जरासं वळवून.
काय दुरुस्त केलं ते मला कळलं नाही.
हेडाने ती पुन्हा करून पाहिली. दोनदा.

तक्त्यात आता असं आहे:
सहभागी चौदा. वगळले. कारण: हालचाल.
खाली बारीक अक्षरांत एक टीप,
तिच्यासाठी मी दोन आठवडे भांडले.

संध्याकाळी बेकरीत पाव घेतला,
सुटे मोजले. सात आणि आठ.
माझे ओठ हलले.
मागची बाई थांबली होती, तिने पाहिलं,
आणि काहीच झालं नाही.